लक्षद्वीपला पहिल्यांदा जाताय? आधी विहीर आणि बोट समजून घ्या

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मला सारखं विचारतात की लक्षद्वीपला कसं जायचं, किती खर्च येतो, काय बघायचं. कुणाला फिरायला जायचंय, कुणाला तिथे कॉन्ट्रॅक्टचं काम लागलंय, एकाच्या बहिणीचं पोस्टिंग झालंय. मी पाण्याच्या पाइपलाइनच्या कामासाठी कवरत्तीत दोन सीझन राहिलो, त्यामुळे दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. नुसतं काय बघायचं एवढंच सांगणार नाही, कारण तिथली जमीन, तिथलं सरकार आणि तिथला पैसा कसा चालतो हे कळलं नाही तर माणूस तिथे जाऊन उगाच चिडचिड करतो, आणि बेटावरच्या लोकांनाही त्रास देतो. तिथल्या बहुतेक सगळ्या गोष्टी दोन ठिकाणी येऊन थांबतात, एक म्हणजे पायाखालचं गोडं पाणी आणि दुसरी म्हणजे कोचीहून येणारी बोट. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पायरी १: नकाशा मोठा करून बघा

भारताच्या नकाशात केरळच्या डावीकडे जे चार-पाच ठिपके दिसतात तेच लक्षद्वीप. सरकारी हिशोबात बेटं ३६, त्यातल्या १० वर लोकवस्ती, आणि सगळी जमीन मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण एक तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर होती. बित्रा हे सगळ्यात छोटं वस्तीचं बेट, जेमतेम २५ एकर, आपल्याकडे एखाद्या बागायतदाराची जमीन असते तेवढं, आणि त्यावर पावणेतीनशे माणसं. सगळ्यात मोठं अंद्रोत, तेही पाच चौरस किलोमीटरला थोडं कमीच. बाकीची नावंही पाठ करून टाका, बोटीच्या टाइमटेबलवर तीच दिसतात: कवरत्ती (ही राजधानी), अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, कल्पेनी, आणि पार दक्षिणेला मिनिकॉय. कोचीपासून अंतर बेटाप्रमाणे २२० ते ४४० किलोमीटर.

पण जमीन मोजून लक्षद्वीप कळत नाही, पाणी मोजावं लागतं. बेटांभोवतीचे लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ शांत पाणी, तेच ४,२०० चौरस किलोमीटर आहे. आणि या बेटांमुळे भारताच्या हक्कात आलेला समुद्र चार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, महाराष्ट्र राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार आहे हे लक्षात घ्या म्हणजे अंदाज येईल. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये नौदलानं मिनिकॉयला आयएनएस जटायू हा तळ सुरू केला, कवरत्तीला आयएनएस द्वीपरक्षक २०१२ पासून आहेच.

आता एक गोष्ट जी मला तिथे गेल्यावर कळली आणि फार भारी वाटली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटमुळे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून एकाच जागी तापलेला खडक वर येत राहतो त्या ठिकाणामुळे, आपल्याकडे लाव्हा पसरला आणि आपला सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला, त्याच हॉटस्पॉटवरून भारताची प्लेट उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उरली. ते डोंगर पुढे खचत खचत पाण्याखाली गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिलं, डोंगर खाली जातोय आणि प्रवाळ उजेडासाठी वर येतंय असं लाखो वर्षं चाललं. तेच आजचं लक्षद्वीप. म्हणजे राजगडाचा दगड आणि कवरत्तीचा पाया एकाच चुलीतला आहे. फक्त तिथे दगड दिसत नाही, सगळं पांढरं प्रवाळ आणि त्याची वाळू, समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर वर, टेकडी नाही, ओढा नाही, नदी नाही.

बेट बहुतेक ठिकाणी प्रवाळाच्या कड्याच्या पूर्व कडेवर बसलेलं असतं आणि लगून पश्चिमेला. म्हणून पश्चिमेच्या किनाऱ्यावर पाणी हिरवट-निळं आणि शांत, तर चालत दहा मिनिटांत पूर्वेला गेलात की थेट खोल समुद्र आणि लाटा. पोहायला कुठे उतरायचं हे यावरून ठरवा. अंद्रोतला मात्र लगून जवळपास नाहीच आणि ते आडवं, पूर्व-पश्चिम पडलेलं आहे, बाकीची उभी. बंगारम या रिसॉर्टच्या बेटाजवळचं परळी नावाचं एक छोटं निर्मनुष्य बेट तर झिजून झिजून पूर्ण पाण्याखाली गेलंय, म्हणून काही लोक ३६ ऐवजी ३५ म्हणतात.

पायरी २: विहीर म्हणजे काय ते समजून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि टुरिस्ट लोक हीच सोडून देतात.

पाऊस पडतो वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर. ते पाणी वाळूतून खाली झिरपतं आणि खाली जे समुद्राचं खारं पाणी आहे त्याच्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. दुधावर साय असते ना, अगदी तसं. घरोघरी ज्या विहिरी आहेत त्या या सायीतल्या. दोन-तीन हात खोल गेलं की पाणी, बघताना वाटतं काय मजा आहे, पण ती साय पातळ आहे आणि खाली सगळं मीठ.

मी राहायचो त्या घराच्या विहिरीच्या आत कुणीतरी विटेनं एक रेघ मारून ठेवली होती. पहिल्या आठवड्यात मी बघितलं की सकाळी पाणी रेघेखाली असतं आणि दुपारी रेघेला लागतं, मध्ये कुणी उपसलेलं नसताना. मला वाटलं झरा असेल. घरमालकांची आई हसली, मला हात धरून किनाऱ्यावर नेलं आणि समुद्राकडे बोट दाखवलं, भरती होती. समुद्र वर आला की विहिरीतलं पाणीही वर येतं, ओहोटीला खाली जातं. भाषा एकमेकांची येत नव्हती तरी त्या दिवशी मला जे कळलं ते नंतर कामातही उपयोगी पडलं.

आमच्या साइटवर एकदा टाकी भरायची घाई म्हणून एकाने विहिरीवर मोटर लावून ती सलग चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी चहा खारट लागायला लागला. जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग ती विहीर बरी व्हायला बऱ्याच दिवसांचा पाऊस लागतो. शेजारच्या दोन घरांनाही त्रास झाला, आम्ही जाऊन माफी मागितली, त्यांनी काही बोलून दाखवलं नाही पण आठवडाभर त्यांच्या घरच्या बायका लांबून पाणी आणत होत्या, ते मी अजून विसरलो नाही. तर तुम्ही तिथे शॉवरखाली अर्धा तास उभे राहणार असाल तर हा विचार करा की ते पाणी कुणाच्या विहिरीतलं आहे. शौचखड्डे आणि विहिरी जवळजवळ असल्यामुळे विहिरीचं पाणी थेट पिऊ पण नका.

पिण्याच्या पाण्यासाठी कवरत्तीला २००५ मध्ये एक प्लांट झाला, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं केलेला. समुद्रात साडेतीनशे मीटर खोल पाणी गारेगार असतं, १२ डिग्रीच्या आसपास, आणि वरचं २८ डिग्री. वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडलं की न उकळवता वाफ होते आणि ती वाफ खालच्या गार पाण्यानं थंड केली की गोडं पाणी. दिवसाला एक लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं पण कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या वर आहे, म्हणजे माणशी नऊ लिटर, पिण्या-शिजवण्यापुरतंच. मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्लांट नंतर झाले.

पायरी ३: परमिट काढा

भारतीय असलात तरी परमिट लागतं, १९६७ चे प्रवेशाचे नियम आहेत त्यानुसार. तिथली जवळपास सगळी मूळ वस्ती अनुसूचित जमातीत येते आणि त्यांची जमीन आणि राहणी जपायला हा नियम आहे. याच कारणानं बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे बीचजवळ प्लॉट मिळेल का असं कृपया कुणाला विचारू नका.

अर्ज प्रशासनाच्या साइटवर ऑनलाइन होतो. तुमच्या गावच्या पोलिसांचा क्लिअरन्स लागतो, तो आधी काढायला घ्या कारण वेळ त्यातच जातो. नियम आणि फी मधून मधून बदलतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी साइट परत एकदा वाचा. परमिटवर बेटांची नावं आणि तारखा असतात, ज्या बेटाचं नाव नाही तिथे उतरता येत नाही, म्हणून अर्जातच सगळी नावं टाका. उतरल्यावर पोलीस स्टेशनला जाऊन परमिट दाखवायचं. ते पाच मिनिटांचं काम आहे पण विसरू नका. सरकारी पोस्टिंगवर जाणाऱ्यांना परमिटमधून सूट असते, पण ऑर्डरची कॉपी आणि ओळखपत्र हाताशी ठेवा.

पायरी ४: जायचं कसं

विमानतळ एकच, अगत्तीला. धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही टोकांना समुद्र, त्यामुळे छोटी पंख्याची विमानंच उतरतात आणि सीट कमी. कोचीहून दीड तासाच्या आत पोचता. आपल्या लोकांसाठी चांगली गोष्ट म्हणजे २०२४ मध्ये गोव्यातल्या फ्लाय९१ कंपनीनं मोपाहून अगत्ती सुरू केलं, सध्याचं शेड्युल बघून घ्या. पण अगत्तीला उतरलात म्हणजे कवरत्तीला पोचलात असं नाही, पुढे परत बोट.

मी तर म्हणतो जाताना तरी कोचीहून जहाजानं जा. विलिंग्डन आयलंडवरून सुटतं, एमव्ही कवरत्ती हे सगळ्यात मोठं, ७०० प्रवाशांचं, बाकीची चारशे किंवा त्याहून कमी. १४ ते २० तास लागतात, बेटाप्रमाणे. स्थानिक लोकांसाठी हीच एसटी आहे. बाळंतपण करून परत येणारी बाई, कॉलेजची पोरं, ऑपरेशन झालेले आजोबा, लग्नाचं सामान, सगळं त्यातच. त्यामुळे सीझनला तिकीट मिळत नाही म्हणून खिडकीवर आवाज चढवू नका, तुमच्या पुढे उभा असलेला माणूस कदाचित महिनाभर घरी जायची वाट बघत असेल.

सगळीकडे जहाज धक्क्याला लागतं असं नाही. काही बेटांना जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं, छोटी होडी बाजूला येते, दोन्ही वरखाली होत असतात, आणि दोन माणसं तुमचे दंड धरून होडी वर आली की बरोब्बर त्या क्षणाला तुम्हाला पलीकडे देतात. त्यांनी सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही आणि सांगितल्यावर थांबायचं नाही, एवढंच करायचं. दोन्ही हात मोकळे ठेवा, सामान ते स्वतः देतात. पाठीवर सॅक, हातात काही नाही.

पावसाळ्यात, म्हणजे मे अर्ध्यापासून सप्टेंबर अर्ध्यापर्यंत, बेपोर आणि मंगळूरहून सामान आणणारी लाकडी गलबतं बंद असतात आणि छोट्या फास्ट बोटीही. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात तसंच. त्या काळात कांदे-बटाटे, भाजी, सगळं मोठ्या जहाजावर अवलंबून, आणि दोन फेऱ्या चुकल्या की दुकानाची फळी रिकामी दिसते. फिरायला जायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल बघा. परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, दुसऱ्याच दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवू नका.

फिरणाऱ्यांसाठी सरकारच्या पर्यटन संस्थेचं समुद्रम नावाचं पॅकेज सोपं पडतं, पाच दिवस, रात्री जहाजावर आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय.

पायरी ५: तिथे सरकार कोण आहे

पिनकोड बघा, कवरत्तीचा ६८२५५५, सुरुवात कोचीसारखी. हायकोर्टही केरळचंच. पण लक्षद्वीप केरळचा भाग नाही, १ नोव्हेंबर १९५६ पासून तो थेट केंद्रशासित प्रदेश आहे. तेव्हा नाव लांबलचक होतं, लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी बेटं, आणि कारभार कोझिकोडहून चालायचा. १९६४ मध्ये मुख्यालय कवरत्तीला आलं, १९७३ मध्ये लक्षद्वीप हे नाव पडलं.

विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. दिल्लीहून नेमलेला प्रशासक कारभार बघतो आणि बेटांसाठीचे नियम राष्ट्रपतींच्या सहीनं निघतात. लोकांनी निवडून द्यायचं म्हणजे दहा बेटांच्या पंचायती, एक जिल्हा पंचायत आणि एक खासदार. मतदार ५८ हजारांच्या आत, देशात सगळ्यात कमी, आपल्याकडे एवढे तर महापालिकेच्या एखाद्या प्रभागात असतात. पी. एम. सईद १९६७ पासून सलग दहा वेळा निवडून आले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले, आणि २००४ ला फक्त ७१ मतांनी हरले. २०१९ चा निकालही ८२३ मतांनी लागला. एका मोठ्या कुटुंबानं बोट चुकवली तर निकाल फिरू शकतो अशी ही जागा, म्हणून राजकारणावर गप्पा घराघरात आणि मनापासून होतात.

२०२१ मध्ये प्रशासनानं जमीन आणि विकास प्राधिकरण, पंचायत निवडणुकीसाठी दोन मुलांची अट, गोमांस बंदी असे मसुदे आणले तेव्हा सगळी बेटं एक झाली होती, ७ जूनला लोकांनी घराघरात १२ तासांचा उपास केला, केरळ विधानसभेनंही एकमतानं ठराव केला. माझं मत विचाराल तर जिथे ३२ चौरस किलोमीटरच जमीन आहे तिथे जमिनीबद्दलचा कागद आधी लोकांना विचारून मग लिहायला हवा. तुम्ही तिथे जाल तेव्हा या विषयावर कुणी बोललं तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

पायरी ६: लोक कमावतात कशावर

तीन गोष्टींवर: मासा, नारळ आणि सरकारी नोकरी. कारखाने म्हणाल तर मिनिकॉयचा टूना डबाबंद करायचा कारखाना, काथ्याची युनिटं, थोडंफार. प्रदेशाचा खर्च मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालतो. वीज बरीचशी डिझेल जनरेटरवर, तेही बोटीनंच येतं, आता सोलर वाढतंय. इंटरनेट आधी सॅटेलाइटवर होतं, जानेवारी २०२४ ला कोचीहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून बरं झालंय. तरी रोख पैसे जवळ ठेवा.

टूना पकडताना एकदा तरी बघा. जाळं नाही. आधी लगूनमध्ये बारीक जिवंत मासे पकडून होडीच्या पोटातल्या पाण्यात ठेवतात, मग बाहेर टूनाचा थवा दिसला की ते बारीक मासे फेकतात आणि होडीच्या मागच्या बाजूनं पाण्याचे फवारे मारतात, टूनाला वाटतं पृष्ठभागावर खूप खाणं उसळतंय. मग दहा-बारा माणसं रांगेत उभी राहून नुसत्या काठीला दोरी आणि हुक लावून मासा उचलतात. हुकाला उलटा दात नसतो, म्हणून मासा हवेत झटक्यानं सुटतो आणि मागे फळीवर पडतो, काठी परत पाण्यात. एक मासा म्हणजे तीन-चार सेकंद. एका वेळी एक, त्यामुळे कासवं-डॉल्फिन जाळ्यात सापडायचा प्रश्नच नाही. लगूनमधलं प्रवाळ मेलं की ते बारीक मासे जातात आणि मग ही मासेमारीही बंद. १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, तिथले मच्छीमार या गोष्टीची काळजी करतात ती पोटासाठी.

उरलेला टूना उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात, त्याला मास म्हणतात. किसून ओल्या खोबऱ्याबरोबर खाल्लं की आपल्या सुक्या बांगड्याच्या किसमुरीची आठवण होते. नीरफणसही घरोघरी आहे, तोच तिथला राज्यवृक्ष. कोकणातल्या माणसाला तिथे जेवणाची अडचण येणार नाही, शाकाहारी माणसानं मात्र थोडी तयारी ठेवावी.

पायरी ७: माणसांत कसं वागायचं

९६ टक्क्यांच्या वर मुसलमान वस्ती, भाषा मल्याळमची बोली जेसरी. मिनिकॉयला मात्र महल, मालदीवच्या भाषेची बहीण, लिपी उजवीकडून डावीकडे. दारू बंगारमचा रिसॉर्ट सोडून कुठेही नाही, सोबत नेऊही नका. गावात बिकिनी-शॉर्टवर फिरू नका, शुक्रवारी दुपारी कामं थांबतात. लोक अतिशय मायाळू, रस्त्यात उभं करून शहाळं देतील.

आणि घर बाईचं असतं. वारसा आईकडून चालतो, एकाच घरात दोन प्रकारची मालमत्ता असते: शुक्रवारची म्हणजे पिढीजात, ती मुलींच्या वंशात राहते, आणि सोमवारची म्हणजे स्वतः कमावलेली, ती शरियतप्रमाणे वाटता येते. कल्पेनीतल्या या पद्धतीचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी केला, माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या बहीण. खोली भाड्यानं घेताना मी आधी पुरुषाशी बोललो, त्यानं सरळ सांगितलं की आईला विचारा.

सामानात काय न्यायचं तर रोजची औषधं महिनाभराची, कारण मोठं दुखणं आलं की हेलिकॉप्टरनं कोचीच गाठावी लागते. टॉर्च, वाळूत चालायच्या सपाता, आणि ज्यांच्याकडे राहणार त्यांच्यासाठी मिठाईपेक्षा ताजी भाजी न्या, मी दुसऱ्या सीझनला कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या होत्या तर घरमालकांच्या आईनं त्या शेजारी तीन घरांत वाटल्या. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणा, तिथे ते टाकायला जागाच नाही. आणि निघायच्या दिवशी, होडीत बसायच्या आधी, पोरांचे खिसे आणि पिशव्या एकदा तपासा. प्रवाळाचा तुकडा नेणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. सापडलाच तर तो पाण्याच्या कडेला परत ठेवा, त्याचीच झिजून वाळू होते.